घरच्या फोटोंची डिस्क, घरच्याच खर्चात

घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, मुलीचा मंगल परिणय असो की वडिलांची निवृत्ती, हल्ली कोणीतरी म्हणतेच, "फोटोंची फिल्म करून लावू या. मागे गाणे, खाली नावे." कल्पना चांगली आहे. पण काम बाहेर द्यायचे म्हटले की जो आकडा ऐकू येतो, त्यात घरचे महिन्याचे राशन भरून होते. मग एक तर उसने पैसे काढून हौस करायची, नाही तर विषय सोडून द्यायचा. आमच्या काशीगावात आम्ही दोन्ही प्रकार पाहिले आहेत. तिसराही मार्ग आहे आणि तो घरातल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना सहज जमण्यासारखा आहे, म्हणून हे चार शब्द.

आपल्या आजी-आजोबांच्या काळात फोटो म्हणजे चैन होती. कित्येक घरांत आजोबांचा एकच फोटो सापडतो, तोही नोकरीच्या ओळखपत्रावरचा. गाव सोडून मुंबईकडे आलेल्या माणसाने पत्र्याच्या पेटीत जे आणले, तेवढेच आज हाती आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना विचारा. भांडी पुन्हा घेता आली, फोटो नाही.

७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या राजगृहापासून बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. ती चित्रित करण्याचे काम नामदेव व्हटकर यांनी स्वतः पैसा उभा करून केले. तो रस्ता आणि ती गर्दी आज आपल्याला पाहायला मिळते, ती त्यामुळे. आपले काम त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण जात एकच आहे : आपले आपण जपणे.

कामाला सुरुवात संगणकापासून करू नये. सुरुवात वहीपासून करावी. सगळे फोटो एकत्र करून प्रत्येकाला क्रमांक द्यावा. फोटोच्या मागे लिहायचे तर पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. मग घरातले सर्वांत वयस्कर माणूस गाठावे. "हा कोण?" एवढेच विचारले तर "असेल कोणीतरी" हे उत्तर मिळते. "हा फोटो काढला तेव्हा आपण कुठे राहत होतो? मांडीवर कोण आहे? ही साडी कुणाची?" असे विचारले की गोष्टी निघू लागतात. मांडीवरचे मूल ओळखले की साल आपोआप सापडते.

आमच्या घरच्या एका फोटोत पाच बाया ओळीने उभ्या आहेत. चौघींची नावे सर्वांना ठाऊक होती. पाचवीला सगळे "ती चिपळूणकडची" एवढेच म्हणत. आजीने चष्मा पुसून फोटो पाहिला आणि नाव सांगितले, वर हेही सांगितले की तिनेच या चौघींना सही करायला शिकवले. आता ते डिस्कवर लिहिलेले आहे. आजी नसती तर ती बाई "चिपळूणकडची"च राहिली असती.

यावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. नावे लिहिताना पुरुषाचे पूर्ण नाव आणि बाईच्या पुढे "अमक्याची पत्नी" असे करू नये. तिचे स्वतःचे नाव आणि जमले तर माहेरचे गाव लिहावे. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

फोटो संगणकात घ्यायला स्कॅनर असेल तर उत्तम. साधा फोटो ३०० डीपीआयवर आणि ओळखपत्राएवढा छोटा फोटो ६०० वर घ्यावा. स्कॅनर नसेल तर मोबाईल पुरतो. फोटो खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवावा, ऊन थेट पडू देऊ नये, फ्लॅश बंद ठेवावा आणि मोबाईल फोटोच्या बरोबर वर, सरळ धरावा. फ्रेममधला फोटो काच काढून घ्यावा; मात्र ओलीने काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, फाटतो. तो काचेसकट थोडा तिरका उजेड घेऊन टिपावा. जुने फोटो लॅमिनेशन करून "पक्के" करण्याची पद्धत पडली आहे, तीही सोडावी. ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही.

आता हिशेब. पाच मिनिटांचे गाणे म्हणजे ३०० सेकंद. एक फोटो सहा सेकंद ठेवला तर ५० फोटो लागतात. तीन गाण्यांत १५० फोटो होतात आणि तेवढे बघताना पाहुणे चुळबुळ करू लागतात. आमच्या मते दहा मिनिटे पुरे. समूहाच्या फोटोला दहा सेकंद द्यावेत, कारण प्रत्येकजण आपले माणूस शोधत असतो. फोटो गरगर फिरवणारे, फुलासारखे उमलवणारे प्रकार मुलांना फार आवडतात, पण साधा एकात एक विरघळणारा बदल डोळ्यांना बरा. आजोबांचा चेहरा फिरत फिरत येऊ नये, असे आम्हाला वाटते.

मराठी अक्षरांचा घोळ मात्र नक्की होतो. काही प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरे तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, आणि जुन्या फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की अगम्य होतो. युनिकोडमधला फाँट वापरावा. नोटो, मुक्ता, बालू हे फुकट मिळतात. तरीही अक्षरे तुटली तर त्याहून सोपा उपाय आहे. घरात ज्याचे अक्षर चांगले त्याने पांढऱ्या कागदावर जाड पेनाने नाव, गाव, साल लिहावे आणि त्या कागदाचाच फोटो काढून मध्ये घालावा. वेलांटी जागच्या जागी राहते, आणि बघणाऱ्याला ते अक्षर कोणाचे हेही कळते. एका वेळी दहा-बारा शब्दांपेक्षा जास्त नकोत. मजकूर कडेपासून आत घ्यावा, कारण गावाकडचे जुने डबा टीव्ही कडा कापतात.

गाण्याविषयी. भीमगीते लावावीशी वाटणारच. पण कायद्याप्रमाणे कवीच्या निधनानंतर ६० वर्षे रचनेवरचा हक्क राखलेला असतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. शिवाय ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीचा वेगळा. घरच्या चार माणसांत बघितल्याने कोणी दारात येत नाही, पण तीच फिल्म यूट्यूबवर चढवली की आवाज बंद होऊ शकतो. म्हणून आवाजही घरचाच घ्यावा. पाली वंदना प्राचीन आहे, तिच्यावर कोणाचा हक्क नाही. विहारातल्या महिला मंडळाने म्हटलेली वंदना मोबाईलवर घेता येते. त्यापेक्षाही मोलाचा आहे आजीचा आवाज. नावे विचारायला बसाल तेव्हाच मोबाईल घडी केलेल्या टॉवेलवर, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवून चालू करावा. पंखा आणि टीव्ही बंद. आमच्याकडे अहमदाबाद महामार्ग जवळ असल्यामुळे ट्रकची घरघर मध्ये येते, त्यासाठी पहाटेची वेळ बरी. ती बोलते तिथे संगीत अगदी हळू करावे किंवा काढूनच टाकावे.

जोडणीसाठी संगणकावर ओपनशॉट हा प्रोग्रॅम फुकट आहे. मायक्रोसॉफ्टने जुना मूव्ही मेकर २०१७ च्या जानेवारीत काढून घेतला, पण एखाद्या जुन्या संगणकावर तो असला तर अजून काम देतो. मोबाईलवरची फुकट ॲप बहुधा कोपऱ्यात आपला शिक्का मारतात. आजोबांच्या खांद्यावर तो शिक्का बरा दिसत नाही.

तयार झालेली एमपी-फोर फाईल पेनड्राईव्हवर घालून आजच्या बहुतेक टीव्हीला लावता येते. मग डिस्क कशाला? गावाकडे अजून पुष्कळ घरांत डीव्हीडी प्लेअर आहे आणि भिंतीला टांगलेला नवा टीव्ही नाही, म्हणून. इथे एक मेख आहे. एमपी-फोर फाईल नुसती डिस्कवर उतरवली तर जुना प्लेअर ती ओळखत नाही. एका दुकानातून आम्हाला अशीच डिस्क मिळाली. ती गावी पोचली, माणसे जमली आणि पडदा काळाच राहिला. फाईल आधी डीव्हीडीच्या पद्धतीत, म्हणजे एमपेग-टूमध्ये, बदलावी लागते. आपल्याकडच्या पाल पद्धतीला ७२० बाय ५७६ हे माप. डीव्हीडी स्टायलर हा फुकट प्रोग्रॅम ते स्वतः करतो. दुकानात करून घ्यायची तर "डेटा नको, व्हिडिओ डीव्हीडी हवी, फायनलाईज करून द्या" असे स्पष्ट सांगावे आणि साध्या प्लेअरवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कोरी डिस्क दोन-तीन चहांच्या पैशांत मिळते. नव्या लॅपटॉपला डिस्कचा कप्पा नसतो, तेव्हा शेजारच्या जुन्या संगणकाची चौकशी करावी.

४.७ जीबीच्या डिस्कमध्ये आपली दहा मिनिटे एका कोपऱ्यात बसतात. उरलेल्या जागेत मूळ फोटो मोठ्या आकारात आणि आजीचे पूर्ण बोलणे वेगळ्या फोल्डरमध्ये घालावे. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. दमट हवेत ते सुटते, आणि डिस्क फिरताना हेलकावते. वरच्या बाजूला मार्करने नाव आणि साल लिहिले की झाले. ऊन लागले की घरी लिहिलेल्या डिस्कचा रंग उतरतो आणि ती वाचता येत नाही, म्हणून कपाटात, उभी, डबीत ठेवावी. एकीवर विसंबू नये. एक घरात, एक पेनड्राईव्हवर, एक गावी. गावची प्रत पाठवताना नावांच्या वहीची झेरॉक्स घडी करून डबीत घालावी आणि गावी निघालेल्या माणसाच्या हातातच द्यावी. सणाच्या आधी इथून कोणी ना कोणी निघालेले असतेच.