फायलींचा मुलूख आणि त्याची हद्द

लिनक्सवर एखाद्या प्रोग्रामची मूळ संहिता हाती घेऊन जो प्रथम 'कॉन्फिगर' आणि मग 'मेक' व 'मेक इन्स्टॉल' या आज्ञा देतो, त्याला सिद्ध झालेल्या फायली कोठे ठेवाव्यात हे सहसा कोणी विचारीत नाही. कारण ग्नू प्रकल्पाच्या नियमावलीने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते, आणि ते उत्तर म्हणजे 'यूएसआर/लोकल' ही निर्देशिका. ही तजवीज मला अत्यंत दूरदर्शीपणाची वाटते.

'यूएसआर' हे 'यूजर' या शब्दाचे आखूड रूप. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचे युनिक्स आकार घेत असताना, या निर्देशिकेत खरोखरच वापरणाऱ्यांची बिऱ्हाडे होती. पुढे प्रणालीचेच सामान तेथे वस्तीला आले, मूळ रहिवासी 'होम'मध्ये गेले आणि नाव तेवढे मागे राहिले. त्या मुलखात 'लोकल' हा एक तुकडा मात्र यंत्राच्या धन्याच्या खास वहिवाटीचा राहिला. फायलींच्या रचनेचे लिनक्ससाठीचे प्रमाणपत्रक १९९४ मध्ये प्रथम निघाले. त्या परंपरेतील आजचे पत्रक सांगते की प्रणालीची सुधारित आवृत्ती बसवताना या तुकड्यातील फायलींना धक्का लागता कामा नये. डेबियनच्या नियमांनुसार तर वितरणाच्या पॅकेजला तेथे एकही फाईल ठेवण्याची मुभा नाही.

म्हणूनच पॅकेज बांधणाऱ्याला मूळ पत्ता बदलून 'प्रीफिक्स' म्हणून केवळ 'यूएसआर' सांगावे लागते. आणि खरी गुंतागुंत येथूनच सुरू होते. मांडणीच्या फायलींचा पत्ता प्रीफिक्सवरूनच काढला जात असल्यामुळे, दुसरे काही न सांगितल्यास, त्या सर्वमान्य 'ईटीसी'त न जाता 'यूएसआर/ईटीसी' अशा आडवाटेला जातात आणि बदलत्या नोंदींचे दप्तर 'यूएसआर/व्हार'मध्ये पडते. तेव्हा हे दोन्ही पत्ते स्वतंत्रपणे लिहून द्यावे लागतात.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी, की बांधणाऱ्याला तो प्रोग्राम स्वतःच्या यंत्रावर बसवायचाच नसतो. फायली तात्पुरत्या एका रिकाम्या निर्देशिकेत रचून त्यांचे गाठोडे करावयाचे असते, आणि त्यासाठी 'डेस्टडिर' नावाचे चल योजलेले आहे: ते फायली ठेवण्याची जागा बदलते, परंतु प्रोग्रामच्या पोटात कोरलेला पत्ता बदलत नाही. ज्याने हा भेद न ओळखता तात्पुरती जागाच प्रीफिक्स म्हणून दिली, त्याचा प्रोग्राम दूरच्या परक्या यंत्रावर जाऊनही आपली सामग्री त्या बांधणाऱ्याच्या घरी शोधीत राहतो, आणि ती न मिळाल्याने अडून बसतो.

धन्याने स्वतः बांधलेल्या प्रोग्रामची गोष्ट निराळी. वितरणाने दिलेला त्याच नावाचा प्रोग्राम यंत्रावर आधीपासून असला, तरी आज्ञा शोधण्याच्या पत्त्यांच्या यादीत 'यूएसआर/लोकल/बिन' हे बहुधा 'यूएसआर/बिन'च्या आधी लिहिलेले असल्यामुळे, नाव उच्चारताच पहिली हाक धन्याच्या तुकड्यातील प्रोग्रामलाच ऐकू जाते.