अंगणातली शेकोटी : कोणती निवडावी?

दिवाळी उलटली आणि निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की आमच्या दवाखान्यात दोन तऱ्हेचे रुग्ण वाढतात. एक, धुराने दमा उसळलेले. दुसरे, हातपाय पोळून घेतलेले. शेकोटी आपल्याला नवी नाही. नवे एवढेच, की हल्ली बंगल्यांच्या अंगणात ‘फायरपिट’ नावाची तयार लोखंडी शेगडी दिसू लागली आहे. “डॉक्टर, घ्यावी का? घेतली तर कशी घ्यावी?” अशी विचारणा दोघातिघांनी केली, म्हणून हा विषय घेतला आहे.

खरे तर उत्तम ‘फायरपिट’ आपल्या शेतकऱ्याला केव्हाच सापडला आहे. हुरड्याची आगटी आठवा! उघड्या रानात वीतभर खोल खड्डा, त्यात विस्तव आणि भोवती बसलेली माणसे. निखारा बाहेर घरंगळत नाही, वाऱ्याने ठिणगी सहसा उडत नाही आणि धूर मोकळा निघून जातो. अंगण मातीचे असेल तर पैसे खर्च करण्याची गरजच नाही. अडीच फूट रुंदीचा खड्डा घेऊन त्याला भाजक्या विटांचे कडे करावे. नदीतले गोटे मात्र लावू नयेत. त्यांच्या पोटात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि गोटा फुटून कपच्या अंगावर उडतात.

अंगणात फरशी किंवा कोबा असेल तर पायांची शेगडी घ्यावी. पत्रा जाड असावा, पाय पसरट असावेत, म्हणजे पोराचा धक्का लागून ती कलंडणार नाही. बुडाला हवेसाठी भोके हवीत. हवा खेळली की लाकूड नीट जळते आणि धूर कमी होतो. वरून ठिणग्या अडवणारी जाळी मिळाली तर फारच चांगले. रंगाचा किंवा औषधांचा जुना ड्रम कापून शेगडी करण्याची टूम आहे, ती टाळावी. शेगडी घरापासून आणि कडब्याच्या गंजीपासून निदान दहा फूट दूर ठेवावी. पत्र्याच्या शेडखाली किंवा बंद व्हरांड्यात ती नकोच.

आता मुख्य मुद्दा. शेगडी कितीही चांगली घ्या, ती घरात नेली की घात होतो. रात्री ज्वाळा विझतात, लाल निखारे उरतात, धूरही दिसत नाही. मग वाटते, एवढी ऊब वाया का घालवावी? घमेले उचलून खोलीत आणतात, दारेखिडक्या लावून घेतात आणि झोपतात. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. घरातल्या सगळ्यांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, तर ते थंडी बाधल्यामुळे आहे असे समजू नये.

बाळंतिणीच्या खोलीत खिडक्या बंद करून बाजेखाली शेगडी ठेवण्याची चाल अजून काही घरांत आहे. आजीबाईंचा राग ओढवून घेऊनही सांगतो, ती बंद करा. ऊब द्यायची तर बाळाला आईच्या उराशी धरावे, टोपडे-मोजे घालावेत.

असा कोणी बेशुद्ध सापडला तर दारे सताड उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. खोलीत निखारे होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अशा रुग्णाला लगेच प्राणवायू द्यावा लागतो. करोनाच्या दिवसांत घरोघर आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. या वायूने भरलेले रक्तही त्याला ठीकच वाटते आणि आकडा चांगला दिसतो.

जळण कोणते? वर्षभर वाळलेली बाभूळ, आंबा, काहीही चालेल, फक्त ओले नको. प्लायवूड, रंगवलेली चौकट, सायकलचे टायर, वायरी, प्लास्टिकच्या पिशव्या यांचा धूर विषारी असतो. कण्हेरीची काटकीही टाकू नये. बिब्बा अंगावर उततो हे आपण जाणतो. त्याच्या लाकडाच्या धुरानेही अंग सुजू शकते. रॉकेल, पेट्रोल ओतून भडका करणाऱ्यांना काय सांगावे! दमेकऱ्यांनी आणि लहान मुलांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसावे. धूर फारच लागत असेल तर सरळ घरात जावे.

मधुमेही मंडळींना वेगळे सांगतो. तुमच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असू शकते. पाय शेकत आहेत असे वाटते, प्रत्यक्षात ते भाजत असतात. अशा जखमा चिघळून बोट कापण्यापर्यंत मजल जाते. पाय आगीकडे पसरू नयेत, घरात आल्यावर तळवे उजेडात पाहावेत. रोज एकाच जागी शेकल्याने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, त्यांच्याकडेही दुर्लक्ष नको. काश्मिरात फिरनच्या आत कांगडी धरतात. तिच्या सततच्या शेकाने पोटाच्या व मांडीच्या कातडीला कर्करोग होतो, हे एल्म्स्ली या डॉक्टरने १८६६ सालीच लिहून ठेवले आहे.

शेकताना नायलॉनची साडी, लोंबती शाल नको. असे कापड वितळून कातडीला चिकटते. भाजलेच तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. फोड फोडू नयेत.

उठताना राखेवर थोडे थोडे पाणी शिंपडून काठीने ढवळावे. वरून गार दिसणाऱ्या राखेत सकाळपर्यंत निखारा जिवंत राहतो आणि अनवाणी पोर नेमके त्यातच पाय देते. पूर्ण थंड झालेली लाकडाची राख भाजीच्या वाफ्यात मूठमूठ टाकता येईल. प्लास्टिक जळलेली असेल तर मात्र तिथे टाकू नये.