चुरगळणे: एक इंग्रजी प्रकरण

आपण मराठी माणसे कागद ‘चुरगळतो’ आणि मोकळे होतो. इंग्रजांचे तेवढ्यावर भागत नाही. ते कागद क्रम्पल करतात, स्क्रंच करतात, क्रिंकल करतात. आणि या तिन्हींत त्यांच्या लेखी चांगलाच फरक असतो!

मी भाषांतराची कामे करते, त्यामुळे या मंडळींशी माझी रोजची झटापट. क्रम्पल म्हणजे घडी बिघडणे, आकार जाणे. त्यात आवाज झालाच पाहिजे असे नाही. सुती साडी अगदी निमूटपणे क्रम्पल होते. स्क्रंच म्हटले की मूठ आली, आवळणे आले. (मुली केसांना लावतात ती चुणीदार ‘स्क्रन्ची’ याच घराण्यातली.) क्रिंकल म्हणजे बारीक बारीक चुण्या, आणि चॉकलेटच्या वेष्टनाची ती चुरचुरही. क्रंच मात्र दातांखालचा. चकली खाताना होतो तो!

खरी गंमत शेवटच्या ‘ल’ची आहे. क्रॅक म्हणजे एकदाच ‘कड्’. त्याला हे शेपूट लावले की क्रॅकल, म्हणजे तडतड. आपण शब्द दोनदा उच्चारतो, ते शेपूट जोडतात, इतकेच. आणि कागद खरोखरच तसा वाजतो. १९९६ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी चुरगळणाऱ्या कागदाचा आवाज तपासला, तेव्हा तो सलग नसून सुट्या सुट्या ‘टिक्’ आवाजांची माळ निघाला. कागदाचा एखादा भाग या बाकातून त्या बाकात झटकन उलटला, की एक टिक्!

जपायचे ते क्रम्पल आणि क्रम्बल या जोडीला. फरक एका अक्षराचा; पण क्रम्बलच्या पोटात ‘क्रम्ब’ आहे, म्हणजे पावाचा चुरा. क्रम्बल झालेल्याचा भुगा होतो. क्रम्पल झालेले दुमडते, पण एकसंध राहते. बेला बारेनी या अभियंत्याच्या कल्पनेवरून १९५९ साली मर्सिडीजने एक मोटार काढली. टक्कर होताच तिचा पुढचा-मागचा भाग चुरगळावा, धक्क्याचा जोर त्यातच खर्ची पडावा आणि मधली माणसांची जागा शाबूत राहावी, अशी ती योजना. त्या भागाला इंग्रजीत क्रम्पल झोन म्हणतात. मराठीत त्याला ‘भुगा होणारा भाग’ म्हटले, तर त्या गाडीत बसेल कोण?

कथेत हे प्रकरण आणखी नाजूक होते. वाईट बातमी ऐकताच एका आईचा चेहरा क्रम्पल होतो, असे वाक्य सध्या माझ्या टेबलावर आहे. मराठीत चेहरा पडतो, उतरतो, काळवंडतो. चुरगळत मात्र नाही. रडू फुटण्याच्या क्षणभर आधी ओठ वाकडे होतात, कपाळ आक्रसते, तो हा क्षण. तूर्त ‘तिचा चेहरा आक्रसला’ असे लिहिले आहे. संपादकांनी ‘ती कोसळली’ असे सुचवले होते. मी नकार कळवला. पुढच्याच पानावर ती बाई पदर खोचून आलेल्यांसाठी चहा ठेवते.