अंबरनाथचा आकडा आणि डॉक्टर भाऊ दाजी

डोंबिवलीहून बदलापूर किंवा कर्जत लोकल पकडली की कल्याण सोडल्यावर तिसरे स्टेशन अंबरनाथ. पूर्वेला उतरून वालधुनीच्या काठी गेले की शिलाहारांचे शिवमंदिर उभे दिसते. भिंतींवरच्या शिल्पांनी नजर खिळते, त्यामुळे उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर, आतल्या अंगाला कोरलेल्या काही झिजलेल्या ओळी बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. त्या ओळींत मंदिराचे वय आहे. त्या छापून अभ्यासकांसमोर प्रथम आणल्या त्या मुंबईत दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरने, भाऊ दाजी लाड यांनी. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाला 1975 पासून ज्यांचे नाव आहे, तेच हे भाऊ दाजी.

मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यात पेडण्याजवळच्या मांद्रे गावी, शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत. काठेवाड आणि कच्छमधल्या बालिकाहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले. 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा ते पहिल्या तुकडीत दाखल झाले आणि 1851 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर आणि त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. दोघा भावांनी गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. पुढे भाऊ दाजी दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. मे 1874 मध्ये, पन्नाशीच्या आसपासच, ते गेले.

रोगी तपासणारा माणूस दगडांकडे कसा वळला? त्या काळात हे नवलाचे नव्हते. डब्लिनमध्ये त्यांचे समकालीन सर विल्यम वाइल्ड (1815–1876) डोळ्यांचे आणि कानांचे नामवंत शल्यविशारद होते. लेखक ऑस्कर वाइल्ड यांचे हे वडील. आयर्लंडच्या जनगणनेत मृत्यूच्या कारणांची वर्गवारी त्यांनी केली आणि रॉयल आयरिश अकादमीच्या प्राचीन वस्तूंची सूचीही त्यांनीच तयार केली: दगडाच्या, मातीच्या, कांस्याच्या, सोन्याच्या. वैद्यकाने लावलेली सवय दोन्ही कामांत एकच होती. आधी नीट बघायचे, जसे दिसते तसे टिपायचे, वर्गात बसवायचे आणि मग निदान करायचे.

भाऊ दाजींच्या हाती ही सवय ज्योतिषाच्या इतिहासात कशी उपयोगी पडली ते पाहण्यासारखे आहे. आर्यभट हे नाव सर्वांना ठाऊक होते, पण त्याचा ग्रंथ युरोपीय अभ्यासकांच्या हाती लागत नव्हता, आणि त्याच नावाच्या नंतरच्या एका ज्योतिर्विदाशी त्याची गल्लत होत होती. भाऊ दाजींनी ‘आर्यभटीया’च्या हस्तलिखित प्रती मिळवल्या आणि 1865 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळावर निबंध लिहिला. आर्यभटाने स्वतःच सांगून ठेवले आहे की कलियुगाची 3600 वर्षे झाली तेव्हा आपण 23 वर्षांचे होतो. कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी 3102 मध्ये धरला जातो. त्यापुढची 3600 वर्षे मोजली की (शून्य साल नसते हे ध्यानात ठेवून) इसवी सन 499 येते. त्यातून 23 वजा केले की जन्मसाल 476. आज शाळेच्या पुस्तकात आपण जे साल वाचतो, त्यामागचा हिशेब एवढा सरळ आहे. अवघड होते ते अस्सल ग्रंथ हुडकणे.

चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेखही भाऊ दाजींनीच उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद या लेखात आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख वाचून वाकाटक राजांची वंशावळ लावण्याच्या कामाचा पायाही त्यांनी घातला. या कामांत त्यांना साथ होती जुनागढच्या पंडित भगवानलाल इंद्रजींची. 1861 मध्ये भाऊ दाजींनी या तरुणाला मुंबईला बोलावले आणि लेखांच्या शोधात देशभर पाठवले.

आता पुन्हा अंबरनाथला. शिलालेखाचा ठसा घ्यायचा तर आधी दगड ब्रशने स्वच्छ करतात, ओला कागद त्यावर चिकटवून ब्रशने ठोकत प्रत्येक खाचेत बसवतात आणि वरून शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवतात. सपाट भाग काळा होतो, अक्षरे पांढरी उठतात. दगड झिजला असेल तर मात्र अक्षर कुठे संपले आणि टवका कुठे उडाला, हे कागदही सांगू शकत नाही. अंबरनाथच्या लेखातला शक भाऊ दाजींनी 782 असा वाचला, म्हणजे इसवी सन 860. नंतर भगवानलालांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला आकडा सातऐवजी नऊ आहे असे दाखवून दिले. शक 982, म्हणजे इसवी सन 1060, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले आणि उत्तर कोकणच्या राजवंशाच्या कालक्रमात नीट बसले.

आपल्याच शिष्याने आपले वाचन खोडून काढावे, यात भाऊ दाजींना कमीपणा नाही. त्यांनी आपले वाचन आधारासकट छापले होते आणि दगड जागेवर होता, म्हणून तर ते तपासता आले. अजिंठ्याच्या लेखांचेही तेच झाले. पुढच्या अभ्यासकांनी त्यांत सुधारणा केल्या, पण त्या भाऊ दाजींच्या पाठावर उभे राहूनच.

भाऊ दाजींच्या वैद्यकातल्या सर्वांत मोठ्या प्रयत्नाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. महारोगावर, म्हणजे कुष्ठरोगावर, त्यांनी दीर्घकाळ उपचार केले. त्यांचे औषध कडू कवठाच्या बियांच्या तेलावर आधारलेले होते. कोकण आणि गोव्याच्या रानांत वाढणारे हे झाड. सुश्रुतसंहितेतला ‘तुवरक’ तो हाच, असे आयुर्वेदाचे अभ्यासक मानतात. त्यांच्या उपचारांची कीर्ती दूरवर गेली. मात्र औषधाची पूर्ण कृती त्यांनी हयातीत उघड केली नाही. त्यामुळे इतर डॉक्टरांना ते औषध स्वतंत्रपणे पारखून पाहता आले नाही आणि भाऊ दाजींबरोबर त्यांचा अनुभवही संपला.

गंमत म्हणजे तेलाची दिशा चुकीची नव्हती. कडू कवठाच्या कुळातल्याच चौलमुग्राचे तेल पोटात घेतले की मळमळ होई आणि दाट असल्याने ते टोचणेही कठीण. 1915 च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्यातल्या मेदाम्लांपासून टोचता येईल असे रूप तयार केले. 1940 च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर याच तेलावर भिस्त होती. आज डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन एकत्र देऊन कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. या वाटचालीत भाऊ दाजींच्या रुग्णांच्या नोंदी उपयोगी पडल्या असत्या. त्या खुल्या असायला हव्या होत्या.

एकाच माणसाच्या आयुष्यात विज्ञानाचे दोन धडे असे शेजारी शेजारी मिळतात. चुकलेले वाचन उघड्यावर होते, म्हणून ते सुधारले आणि ज्ञानात जमा झाले. चांगली शक्यता असलेले औषध झाकलेले राहिले, म्हणून ते वाया गेले. संशोधकाने बरोबर असणे महत्त्वाचे खरेच, पण दुसऱ्याला तपासता येईल असे काम मागे ठेवणे त्याहून महत्त्वाचे.

ठाणे, कल्याण, भिवंडी, अंबरनाथ या पट्ट्यात शिलाहारांच्या खुणा अजून ठिकठिकाणी आहेत. वीरगळ (वीरांच्या स्मरणशिळा), गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारे दगड), देवळांचे सुटे दगड कुठे झाडाखाली शेंदूर लावून पुजले जातात, तर कुठे रस्त्याच्या आणि इमारतींच्या कामात हरवतात. असा दगड दिसला तर तो हलवू नये, त्यावर रंग चढवू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून, तिरप्या उन्हात त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, जागा नेमकी नोंदवावी आणि ते सगळे पुरातत्त्व खात्याकडे आणि अभ्यासकांकडे पाठवावे. आपण काढलेला अर्थ चुकला तरी हरकत नाही. नोंद चोख असली की दुरुस्त करणारा कुणीतरी पुढे येतोच, जसे भाऊ दाजींच्या मागून भगवानलाल आले.