मोटारींवांचून एक गांव

स्वित्झर्लंडांतील म्यूरेन हें गांव सुमारें १६५० मीटर उंचीवर, लाउटरब्रुनेन खोऱ्याच्या उभ्या कड्यावर वसलें आहे. खासगी मोटारींस तेथें वाटच नाहीं. पायीं चढावें, नाहीं तर तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांत बसावें. हिवाळ्यांत पायांस ‘स्की’ नांवाच्या लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरण्यासाठीं तेथें दूरदूरचीं कुटुंबें येतात. संस्कृत कवींनीं हिमालय नाना परींनीं वर्णिला. पण हिमावरून घसरण्याचा आनंद वर्णिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं!

या घसरणीस शर्यतीचें रूप देणारे आर्नल्ड लन हे १८८८ सालीं आपल्या मद्रासेंत जन्मले, हें वाचून वाचकांस नवल वाटेल. नॉर्वेकर लांबच्या मजलांस व उड्यांस मान देत. नुसत्या उतरण्यास ते फारसें मोजीत नसत. लन यांनीं १९२२ सालीं म्यूरेन येथें खांबांमधून नागमोडी उतरण्याची ‘स्लॅलम’ शर्यत लाविली. १९३१ सालीं उतारशर्यतींची पहिली जागतिक स्पर्धा तेथेंच झाली. तींत स्त्रियांनाही प्रवेश होता, व एस्मे मॅकिनन या सतरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीनें स्त्रियांच्या दोन्ही शर्यती जिंकिल्या. त्या सुमारास आमच्याकडे त्या वयाच्या कित्येक मुली सासरीं नांदत होत्या. ऑलिंपिकाचें दार मात्र या शर्यतींस १९३६ सालीं उघडलें.