आग लागण्यापूर्वींची विहीर

आग लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. संगणकावर चालणाऱ्या संस्थेस तें कसें लागू पडतें, एवढेंच आज पाहूं.

१९०६ सालीं पुण्यांत स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक घ्या. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, शनिवारीं, कांहीं तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनीं सुमारें ७८ कोटी रुपये काढले गेले. सोमवारीं आणखी सुमारें १४ कोटी हाँगकाँगकडे वळविण्यांत आले. देशांतील रक्कम धरून एकंदर हानि सुमारें ९४ कोटींची. तिजोरीचें कुलूप कोणीं फोडलें नाहीं. कार्डावरील मागणी बँकेच्या हिशेबाशीं ताडून मंजुरी देणारी जी यंत्रणा, तिच्या जागीं चोरांनीं खोटी यंत्रणा उभी केली. ती प्रत्येक मागणीस होकार देत राहिली. २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें अकरा जणांस शिक्षा सुनावली.

घाला सुटीच्या तोंडावर येतो, तेव्हां पहिला प्रश्न अधिकाराचा असतो. यंत्रणा बंद करण्याचा हुकूम कोणीं द्यावयाचा? तो परगांवीं असेल तर कोणीं? हीं नांवें व दूरध्वनि कागदावर लिहून ठेवावे. संगणक बंद पडला कीं त्यांतील यादीहि बंद पडते.

दुसरें, बाधित संगणकाची जोडणी तोडावी, पण त्यांतील कांहीं पुसूं नये. तोच पुरावा होय. २०२२ च्या सरकारी आदेशानुसार अशा घटनेची वर्दी सहा तासांच्या आंत ‘सर्ट-इन’ संस्थेस द्यावी लागते, व यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात.

तिसरें, प्रती. आमच्या देहूंत हें समजावणें सोपें आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या. त्या तरल्या, ही श्रद्धा. परंतु अभंग लोकांच्या मुखीं होते, हेंहि परंपरा सांगते. एक प्रत मुख्य जाळ्यापासून अलग असावी, आणि तिच्यावरून काम खरोखर उभें राहतें कीं नाहीं, हें अधूनमधून करून पाहावें. चाकणच्या लहान कारखान्यासहि हें परवडतें.

शेवटीं, शिक्षकाच्या अनुभवाचें सांगतों. चूक सांगणाऱ्या मुलास छडी बसली, तर पुढच्या वेळीं सारा वर्ग गप्प राहतो. फसवें पत्र उघडलेल्या कारकुनानें तत्काळ सांगावें, असें वाटत असेल तर त्यास अभय द्यावें.

विहीर पुष्कळांनीं खणली आहे. दोर पाण्यापर्यंत पोंचतो काय, हें मात्र आजच पाहावें.