'लिग्निअस' : सरपणातून आलेला शब्द

लकडगंजात उभे राहून लाकडाविषयी बोलणे म्हणजे सोनारापुढे कसोटीची महती गाणे होय. म्हणून आज आपण लाकडाकडे शब्दाच्या वाटेने जाऊ. इंग्रजीत 'लिग्निअस' असे एक विशेषण आहे. बोलण्यात ते सहसा येत नाही. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत भेटते. घाईचा भाषांतरकार त्यापुढे 'लाकडी' असे लिहून मोकळा होतो आणि तेथेच फसतो. मेज लाकडी, कारण ते लाकडाचे घडवलेले असते. लिग्निअस म्हणजे वाढता वाढता जे स्वतःच लाकूड होते ते. तुळशीचा जून बुंधा लिग्निअस; मेथीची काडी कधीच नाही. आपला 'काष्ठमय' हा शब्द त्याला पुष्कळ जवळचा.

मूळ लॅटिन शब्द 'लिग्नम'. गंमत अशी की, रोमन लोक चुलीत घालायच्या लाकडाला लिग्नम म्हणत. घराच्या तुळईला लागणारे ते 'मातेरिया'. त्यांच्या कायद्यातही हा भेद मानलेला आहे. सरपण निराळे आणि इमारती लाकूड निराळे, हे येथल्या वखारवाल्यांना सांगायला नकोच! व्हॅरो या रोमन पंडिताने लिग्नमचे नाते 'वेचणे' या अर्थाच्या 'लेगेरे' या क्रियापदाशी जोडले: रानात पडलेले वेचून आणतात ते लिग्नम. म्हणजे या भारदस्त विशेषणाच्या मुळाशी मोळीच आहे. आपले 'लाकूड' तरी कोठून आले? संस्कृत 'लकुट' म्हणजे सोटा, त्यातून.

खोडातील पेशींच्या भिंतींना ताठपणा देणाऱ्या द्रव्यासही याच लिग्नमवरून 'लिग्निन' हे नाव पडले. ते बांबूतही असते. बांबू गवताच्या कुळातला. तरी तो लिग्निअस आहे, पण वृक्ष नाही. हा भेद केवळ पंडितांच्या चर्चेपुरता मानू नये. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वृक्षाच्या व्याख्येत बांबूही घातला. परिणामी, स्वतःच्या बांधावर लावलेला बांबू तोडायला आणि गाडीवर घालून न्यायला अनेक ठिकाणी शेतकऱ्याला परवान्यासाठी खेटे घालावे लागत. जंगलातील बांबूचा प्रश्न वेगळा होता. तेथे २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यास गौण वनोपज ठरवले, आणि २०११ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे पास आले. बांधावरच्या बांबूला मात्र आणखी थांबावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला आणि वृक्षाच्या व्याख्येतून 'बांबू' हा एक शब्द वगळला गेला. त्याला नव्वद वर्षे लागली.